बुवांचे तीन टक्के

दिगंबरबुवांच्या पाठीमागे पडदा लावायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण हरणगावात अजूनही काही लोक त्याचा दोष देवस्थानच्या विश्वस्तांना देतात आणि विश्वस्त माझ्या तोंडाकडे बघून गप्प राहतात. पडदा माझा, यंत्र माझं, आणि पडद्यावर जे उमटलं ते वाचून तोंड मिटून बसले तीही मीच.

हरणगाव कृष्णाकाठी आहे. तिथल्या सिद्धेश्वराचा उत्सव सात दिवसांचा, आणि सातही दिवस कीर्तन. दिगंबरबुवा धंद्यानं तांबट. दिवसा हंडे-घागरी ठोकायच्या, कल्हई लावायची, आणि दिवेलागणीला लाल पगडी घालून, चिपळ्या घेऊन गादीवर उभं राहायचं. बावन्न वर्षं हा क्रम. माझी आई अनसाक्का देवळाची गुरवीण. तिसऱ्या खांबाआड बसून ती देवाचे आणि बुवांचे हार ओवायची, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून कीर्तन ऐकायचे. अंगाईआधी मला नामाचा गजर पाठ झाला असेल. पुढे मोठी झाले, शिकले, पुण्याला गेले, यंत्रांच्या भाषेत रमले. पण चिपळ्यांचा आवाज आला की अजून माझे हात आपोआप जोडले जातात. देवानं मला जे काही दिलं त्यात हे ऐकायचं सुख सगळ्यात मोठं, असं मी आजही मानते.

बुवा कीर्तनाच्या सुरुवातीला एक वाक्य ठरलेलं म्हणायचे. डोळे मिटायचे, वाकून गादीला हात लावायचे आणि म्हणायचे, "मायबापहो, आज सांगेन ते थोरांचं. माझ्या पदरचं काही मिसळलेलं आढळलं तर ती भेसळ समजा आणि मला क्षमा करा." पाचव्या वर्षापासून मला हे वाक्य येत होतं. येत होतं म्हणजे नुसतं तोंडपाठ होतं.

आता यंत्राचं सांगते.

यंत्राचं नाव 'उगम'. पुण्याच्या आमच्या संस्थेत सात वर्षं खपून आम्ही ते उभं केलं, आणि त्या गटाची मी प्रमुख. असं समजा की एक अफाट गाव आहे आणि त्यात जगातल्या प्रत्येक वाक्याला एकेक घर दिलेलं आहे. अर्थानं जवळची वाक्यं शेजारी राहतात. 'पाऊस लांबला' आणि 'आभाळानं डोळे वटारले' यांत एकही शब्द सारखा नाही, तरी दोघांची घरं एकाच बोळात. या गावाला चार दिशा पुरत नाहीत, काही हजार दिशा लागतात. ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करू नये, मीही करत नाही. गणित आणतं. एखादं नवं वाक्य आलं की उगम त्याचं घर कुठे पडतं ते काढतो, आणि मग शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारतो : इथे सगळ्यात आधी कोण राहायला आलं? छापलेली पुस्तकं, पोथ्या, बाडं, आकाशवाणीच्या जुन्या फिती, भाषणं, पत्रं, जे जे म्हणून कुठे नोंदलं गेलं ते सगळं त्याच्या पोटात आहे. सगळ्यात जुनी नोंद ज्याची, तो त्या वाक्याचा उगम. ज्या वाक्याला आधीचा शेजारीच सापडत नाही ते बोलणाऱ्याचं स्वतःचं. त्याला आम्ही नाव दिलं 'स्वांश', आणि तो टक्क्यांत दाखवायची सोय केली.

हा टक्का दाखवला नसता तर बरं झालं असतं. पण लोकांना आकडा आवडतो. वर्षाच्या आत नोकरीच्या अर्जांपासून शोकसभेतल्या भाषणांपर्यंत सगळं उगमातून जायला लागलं. चाळीस टक्क्यांखालचा मजकूर संपादक वाचेनात. कोल्हापुरात एका मुलीनं साखरपुडा मोडला, कारण मुलाच्या पत्राचा स्वांश बारा निघाला. एका पुढाऱ्याच्या गाजलेल्या भाषणाचा एक निघाला, आणि तोही तो खोकला तिथला, असं लोक म्हणायचे. हळूहळू माणसं मुद्दाम वाकडं लिहायला लागली. 'आईची आठवण येते' असं कुणी लिहीना, कारण त्याचा स्वांश शून्य.

मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण सत्कार चालू होते. उद्घाटनाच्या भाषणात मी एक वाक्य बोलले होते : "फूल झाडाचं, दोरा कापसाचा, गाठ तेवढी आपली." ते वाक्य इतकं उचललं गेलं की उगम उघडला की पहिल्यांदा तेच दिसायचं, खाली माझं नाव. एका वार्ताहरानं विचारलं होतं, हे कुठून आलं? मी म्हटलं होतं, सुचलं.

बुवांना पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा देवस्थानच्या अध्यक्षांचा, विलासराव काटकरांचा फोन आला. उत्सवात बुवांचा सत्कार करायचा होता आणि 'आपल्या गावच्या लेकीचं' यंत्र गावाला बघायचं होतं. मला दोन्हींचा आनंद झाला. मी सुचवलं की शाल-श्रीफळ नको, बुवांच्या मागे मोठा पडदा लावू. बुवा बोलतील तसतशा त्यावर रंगीत रेषा उमटतील, प्रत्येक वाक्य कुठल्या पोथीतून, कुठल्या संताच्या वाणीतून वाहत आलं ते दिसेल. बुवांनी केवढा खजिना डोक्यात सांभाळलाय ते लोकांना डोळ्यांनी कळेल.

पडद्याच्या कोपऱ्यात स्वांशाचा आकडा होता. एका बोटानं तो बंद करता आला असता. मी ठेवला. मला वाटलं होतं पस्तीस-चाळीस निघेल. ज्या माणसानं मला लहानपणी इतक्या वेळा रडवलं त्याच्याकडे स्वतःचं पुष्कळ असणारच, असा माझा हिशेब. सात वर्षं त्या यंत्रासोबत काढलेल्या बाईनं असं समजावं, आणि तेही बुवांचं ते पहिलं वाक्य तोंडपाठ असताना, याची मला आज लाज वाटते.

उत्सवाचा तिसरा दिवस. मंडप भरलेला. बुवांनी नामाच्या महिम्याचा अभंग निरूपणाला घेतला आणि ते पहिलं वाक्य म्हणून सुरुवात केली. त्यांची पाठ पडद्याकडे, त्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं. रेषा उमटायला लागल्या तशी लोकांनी वाहवा केली. एका वाक्यातून पाच-पाच रेषा फुटत होत्या. एक सातशे वर्षांमागे जात होती, एक त्याच्याही मागे, संस्कृतात. पेटीवाले वादक मान वळवून वळवून बघत होते आणि एकदा तर सूर चुकले.

मग कुणाचं तरी लक्ष कोपऱ्यात गेलं. नऊ. थोड्या वेळानं सहा. मग चार. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. बुवा प्रमाणावर प्रमाण देत होते, म्हणजे थोरांच्या वचनाला दुसऱ्या थोराच्या वचनाचा आधार, आणि कीर्तनकाराची विद्वत्ता त्यातच असते हे जाणणारी जुनी माणसं डोलत होती. पण प्रत्येक प्रमाणागणिक आकडा खाली येत होता.

तेवढ्यात बुवा म्हणाले, "मायबापहो, फूल झाडाचं, दोरा कापसाचा, गाठ तेवढी आपली, आणि तीही दिसता कामा नये."

पडद्यावर एकच रेषा उमटली. फार मागे गेली नाही, चार वर्षंच. तिच्या टोकाला अक्षरं आली : उगम – शलाका गुरव, पुणे, उद्घाटनाचं भाषण.

मंडपात हशा पिकला. शेकडो माना माझ्याकडे वळल्या. शेजारी बसलेले विलासराव वाकून म्हणाले की बुवांनी उचलताना गावच्या लेकीलाही सोडलं नाही बघा. टाळ्या वाजल्या. आणि मी, ज्या मुलीनं ते वाक्य त्याच मंडपात, त्याच तोंडून, परकर घालायच्या वयापासून ऐकलं होतं, ती मी किंचित हसले आणि मान लववली. टाळ्या घेतल्या. तिसऱ्या खांबाआड आई हार ओवत होती. तिला आता लांबचं दिसत नाही, आणि वाचता तर तिला कधीच फारसं येत नव्हतं. सगळे कशाला हसतायत म्हणून ती शेजारणीला विचारत होती, ते मला तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं.

निरूपण संपलं, गजर झाला. कीर्तनाच्या मध्यावर बुवांना बुक्का लावून हार घालायची रीत आहे, तो घातला गेला. त्यानंतर आख्यान, म्हणजे कथा. ती जेमतेम निम्म्यावर आली तोच मागून एकानं हाक दिली, "बुवा, मागं वळून बघा की. तुमचं स्वतःचं तीनच टक्के निघालंय."

बुवा वळले. उपरण्याच्या टोकानं चष्मा पुसून त्यांनी पडदा वाचला. बराच वेळ वाचला. मग मला विचारलं, "शलाका, हे तीन म्हणजे काय गं?"

माझ्या हातात माइक आला. मी अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "बुवा, तीन टक्के तुमचं स्वतःचं आहे. बाकीचं आधी कुणीतरी म्हटलेलं आहे."

बुवांचा चेहरा उतरला. त्यांनी चिपळ्या गादीवर ठेवल्या, गळ्यातला हार काढून त्यावर ठेवला. "आज आख्यान पुढे होणार नाही," ते म्हणाले. "आरती घ्या."

बावन्न वर्षांत अर्धं कीर्तन कधी राहिलं नव्हतं. आख्यान अर्धं ठेवू नये, देव वाट बघत उभा राहतो, असं आमच्याकडे म्हणतात.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "पडद्यावर काय लिवलं हुतं गं? तुझं नाव घेत हुते समदे." मी म्हटलं, काही नाही, टक्के होते. आईनं वाढलेलं मी खाल्लं आणि तिच्याकडे न बघता ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांनी बैठक घेऊन पुण्याच्या एका तरुण कीर्तनकारांना बोलावलं. त्यांचा स्वांश अठ्ठावन्न, आणि तसं प्रमाणपत्र त्यांच्या जाहिरातीवर छापलेलं. ते येईपर्यंत नुसतं भजन, आणि काल्याचं, म्हणजे शेवटच्या सकाळचं कीर्तनही तेच करणार असं ठरलं. पुढल्या वर्षीची गादी कुणाची हेही मग ओघानं आलंच. बुवांकडे कुणी विचारायला गेलं नाही. बुवांनीही निरोप धाडला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी तांबट आळीत गेले. क्षमा मागायचे शब्द घोकत गेले होते : बुवा, सत्त्याण्णव टक्के दुसऱ्यांचं असणं हा दोष नाही, यंत्र मोजतं ते वेगळं. बुवा भट्टीपुढे बसून एका पातेल्याला कल्हई लावत होते. शेजारी मोडीत आलेल्या जुन्या तांब्याचा ढीग : चेपलेले बंब, बूड गेलेल्या घागरी. त्यांनी मला पाट सरकवला. मी घोकलेलं सगळं म्हणून दाखवलं.

ते पातेलं फिरवत राहिले. मग ढिगातली एक घागर पायानं पुढे ढकलून म्हणाले की हे तांबं त्यांच्या आज्याच्याही आधीचं असेल, पाच वेळा तरी वितळून नवं भांडं झालं असेल, आणि गिऱ्हाईक पाणी गळतं का एवढंच बघतं. सत्त्याण्णवाचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. उलट तेवढ्या रेषा बघून त्यांना गुरूंची आठवण आली होती.

"मग आख्यान का थांबवलंत?" मी विचारलं.

बुवांनी चिमट्यातलं पातेलं खाली ठेवलं. "बावन्न वर्षं गादीवर उभा राहून सांगतोय की पदरचं घालत नाही. तुझं यंत्र म्हणतं, शंभरात तीन घातलं. म्हणजे मी लोकांना खोटं सांगत आलो. त्या तोंडानं कथा कशी सांगायची?"

अख्खा मंडप समजला होता की बुवा उसन्यासाठी लाजले. ते लाजले होते स्वतःच्या समजल्या गेलेल्या तीन टक्क्यांसाठी. दोन दिवस त्यांनी जुनी बाडं पालथी घातली होती, ही भेसळ कुठे झाली ते शोधायला.

"यादी मिळेल का त्या वाक्यांची?" त्यांनी विचारलं.

यादी माझ्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर होती. अकरा वाक्यं. मी वाचायला लागले, ते डोळे मिटून ऐकायला लागले.

"नावेत बसलं की काठ चालायला लागतो, चालत असतो आपण."

ते एकदम डोळे उघडून हसले. म्हणाले, हे बाबू भोयाचं. पूल नव्हता तेव्हा तो आम्हाला पलीकडे सोडायचा, रोज हेच म्हणायचा. पुढचं वाक्य होतं : नैवेद्य दाखवताना आपण डोळे मिटतो ते आपल्याला भूक लागलीय हे देवाला दिसू नये म्हणून. ते त्यांच्या बायकोचं निघालं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तीन वाक्यं गुरूंनी रागावताना म्हटलेली, कुठल्या बाडात कशी असणार? त्यांचा चेहरा प्रत्येक वाक्यागणिक हलका होत होता. मी सहावं वाचलं.

"निर्माल्य झालं म्हणून फूल आपला वास परत मागत नाही."

"हे अक्काचं," बुवा म्हणाले. "पुढचं वाच."

पुढचंही अक्काचं. त्याच्या पुढचंही. अकरातली सहा माझ्या आईची. ते सांगायला लागले, आणि मी पाटाची कड धरून ऐकत राहिले. कीर्तन संपल्यावर बुवांच्या गळ्यातला हार उतरवून घ्यायला आई यायची. येताना ऐकलेल्या निरूपणावर एखादं वाक्य सहज बोलून जायची आणि फुलं गोळा करायला लागायची. बुवा ते उचलायचे. पुढल्या उत्सवात सांगायचे.

"नाव मात्र घेतलं नाही कधी," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बघायला लागले. "गुरविणीचं नाव गादीवरून कसं घ्यायचं, लोक काय म्हणतील, असं वाटायचं तेव्हा. थोरांचं सांगतो म्हणायचो, मनातून तुझ्या आईला थोरांत धरायचो, आणि तोंडानं गाळायचो."

भट्टीतला कोळसा तडतडला. बुवा म्हणाले, "आणि ते गाठीचं?"

"ते यादीत नाही."

"नसायचंच. ते तुझ्या नावावर लागलंय."

"ते आईचं आहे, बुवा."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून सांगतोय मी ते," बुवा म्हणाले. पातेलं उचललं आणि नवसागर टाकला. धूर माझ्या डोळ्यांत गेला, ते बरं झालं.

उगमाला काळ कळतो तो नोंदीचा. आधी कोण बोललं हे त्याला कळत नाही, आधी कुणाचं टिपून ठेवलं गेलं एवढंच कळतं. बुवांची कीर्तनं कुणी टिपली नव्हती. आईला तर कोण टिपणार? मी माइकसमोर बोलले म्हणून मी पहिली. हे मला, यंत्र बनवणारीला, पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि ते 'सुचलं'? खरं सांगायचं तर त्या भाषणाआधी मी खोलीत एकटी बसले होते आणि मला आठवण आली होती ती कॉलेजच्या सुट्टीची. पुण्याच्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. आई त्यांना हार ओवायला शिकवत होती आणि ते वाक्य म्हणाली होती. एक मैत्रीण दुसरीला इंग्रजीत म्हणाली होती की फुलवालीसुद्धा तत्त्वज्ञान झाडते. दोघी हसल्या होत्या. मी आईला म्हटलं होतं, आई, पुरे तुझं. तेव्हा ज्या वाक्याची लाज वाटली तेच पंचवीस वर्षांनी माझं म्हणून वापरलं. आईचा आवाज मला त्या खोलीत ऐकू आला नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

त्याच दुपारी विलासरावांकडे गेले. काल्याचं कीर्तन बुवांना द्या, पडदा असणार नाही, आणि आधी मला दोन मिनिटं बोलायचंय, असं सांगितलं. काय बोलायचंय तेही सांगितलं. ते खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, ताई, तुमच्या संस्थेची नाचक्की होईल, आणि गावाचीही. लोक चार दिवसांत विसरतात, तुम्हीही विसरा. मुळात आता पाहुण्यांना कसं नाही म्हणायचं, हाही प्रश्न होता.

तो प्रश्न पाहुण्यांनीच सोडवला. अठ्ठावन्न टक्क्यांचे ते तरुण कीर्तनकार त्याच सकाळी आले होते, गादीवर अजून उभे राहिले नव्हते, आणि भक्तनिवासात कपडे वाळत घालत होते. बुवांचं आख्यान अर्धं राहिलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडून ऐकल्याबरोबर त्यांनी कानाला हात लावला. "अर्धी कथा ज्या गादीवर थांबलीय तिच्यावर मी पाय ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "माझ्या गुरूंना कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत." मग जरा ओशाळून म्हणाले की अठ्ठावन्न टक्के गाठायला त्यांना चांगली चांगली प्रमाणं गाळावी लागतात आणि घरी गेल्यावर ती एकट्यानं म्हणावी लागतात.

विलासरावांचा नाइलाज झाला, मधल्या संध्याकाळी भजनावर भागवलं आणि काल्याचं कीर्तन बुवांकडे गेलं. शेवटच्या सकाळी बुवा गादीवर आले तेव्हा मंडप निम्माच भरला होता. मी माइक घेतला.

"तिसऱ्या दिवशी पडद्यावर माझं नाव आलं ते खोटं होतं," मी म्हटलं. "ते वाक्य माझ्या आईचं. बुवा ते चाळीस-पन्नास वर्षं सांगतायत. मी ते माझं म्हणून जगाला सांगितलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा त्या घेतल्या. यंत्राला फक्त नोंदलेलं दिसतं, आणि माझ्या आईचं बोलणं नोंदायला मला कधी सवड झाली नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी खाकरलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारबुवांनी मान खाली घातली, जणू त्यांच्याचबद्दल कुणी बोलत होतं. मी खांबाकडे बघितलं नाही, धीर झाला नाही.

बुवांनी गादीला हात लावला. नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि मग ती अकरा वाक्यं एकेक करून म्हटली, प्रत्येकापुढे नाव घेऊन. बाबू भोई. त्यांची बायको राधाबाई. गुरू. आणि सहा वेळा अनसाक्का गुरव. नंतर चिपळ्या वाजल्या आणि तिसऱ्या दिवशी थांबलेलं आख्यान, जिथे थांबलं होतं तिथूनच, सुरू झालं. दीड तास मी एकही रेषा न बघता कथा ऐकली. रडायचं तिथे रडले.

पुण्याला परतल्यावर मी संस्थेला सगळं लिहून दिलं. चार महिने वाद झाले, माझं प्रमुखपद गेलं, ते जायलाच हवं होतं. एक गोष्ट मात्र मान्य झाली : 'स्वांश' हा शब्द काढून टाकला. आता त्या जागी 'नोंद नाही' असं दिसतं. आकडा तोच, पण त्याची फुशारकी मारणं अवघड झालंय.

पण हे पुढचं. त्या दिवशी काल्याचा प्रसाद घेऊन आम्ही मायलेकी घरी आलो. आई ओसरीवर बसली, संध्याकाळच्या पूजेची शेवंती पुढ्यात ओतली. मी समोर बसले. मला वाटलं, आता बोलेल, ओरडेल तरी.

"एवढ्या मान्सांत सांगायचं काय नडलं हुतं?" ती म्हणाली. "माझं कुठलं ते? माझ्या सासूचं हाय."

मी शेवंती बाजूला सारून तिच्याजवळ सरकले.

"नवी नवरी हुते मी. तिनं हार ओवाय शिकवताना म्हटलं. मला हसू आलं. म्हातारी लईच शानी, असं शेजारच्या पोरींना सांगितलं मी, तिला ऐकू जाईल असं." आईनं एक फूल देठाशी चेपून बघितलं आणि बाजूला टाकलं. "ती गेली तवा मग मी म्हणाय लागले. तिचं नाव मी बी नाही घेतलं कधी."

मी विचारलं, तिचं नाव काय होतं? मला आजीचं नाव ठाऊक नव्हतं. घरात सगळे तिला म्हातारीच म्हणायचे.

"चंद्रभागा," आई म्हणाली.

मी पाटी काढली. म्हटलं, आई, पुन्हा बोल, नोंदून घेते, तुझंही आणि तिचंही, नावासकट. आईनं पाटी माझ्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवली आणि दोऱ्याचं रीळ माझ्या मांडीवर टाकलं. "ते मागनं. आदी हात धुवून ये अन् फुलं घे. तिनं तसंच शिकवलं, नुसतं बोलून न्हाई."

हात धुऊन बसले. पंचवीस वर्षांनी दोरा हातात धरला होता. चार फुलं ओवली, गाठ मारली, आईपुढे धरली. तिला आता जवळचंही नीट दिसत नाही म्हणून तिनं बोटांनी चाचपलं. गाठीशी बोट थांबलं.

"लागतीय हाताला," ती म्हणाली. "सोड. परत घाल."

मी सोडली.